शेवटचा फड

दोन हजार सालानंतरची एक-दोन वर्षं. जुन्नरच्या कॉलेजात मी शेवटच्या वर्षाला होतो, धाकटी बहीण पहिल्या. इंग्रजीचं अक्षरही न वाचलेल्यांना जो नाटककार माहीत असतो, त्याचं जंगलात घडणारं विनोदी नाटक सरांनी आमच्या बोलीत आणलं होतं. स्टेज नको, म्हणाले. जंगल म्हणजे उभा ऊस, प्रेक्षक बांधावर, पात्रं उसातून यायची.

त्या हंगामात उसात बिबटे होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण तालीम चार ते सहा, उजेडी. माणसांचा आवाज असला की बिबट्या लांब जातो, असं सगळेच म्हणत. कॉलेजमागचा फड तात्यांचा. कारखान्याची ऊसतोडणीची टोळी आली होती, तेव्हा सरांच्या सांगण्यावरून तात्यांना अर्ज मी लिहिला: आपला ऊस प्रयोगापर्यंत ठेवावा. तात्यांनी तोडणीची पाळी मागं ढकलली.

"नाटकात मला बी घ्या मंग," तात्या म्हणाले.

"तुमचा ऊस घेतलाय की, तात्या!"

मी प्रॉम्प्टर. वहीत वाक्यांच्या बाजूला आकडे मांडायची मला सवय. पहिल्या दिवशी आजूबाजूला उभे फड सात होते. मग पाच, चार, दोन. आठव्या दिवशी एकच, आमचा. त्याच वहीत दुसरी ओळ होती, तात्यांच्या कुत्र्यांची: चार, तीन, दोन, एक.

"टोळीच्या मागं गेली असतील, भाकरीला," तात्या म्हणाले. मीही तेच म्हणालो. खरं तर चौथ्या दिवसापासून मला दोन्ही ओळी एकत्र दिसत होत्या: फड तुटत होते तसा बिबट्या आमच्या उसाकडं सरकत होता. पण बोललो असतो तर ऊस तुटला असता आणि प्रयोग गेला असता.

बहिणीचं काम वनातल्या खोडकर भुताचं. चार पायांवर उसाच्या सरीतून आत जायचं, वाळक्या पाचटात दबून बसायचं आणि खुणेच्या वाक्यावर उडी मारून बाहेर यायचं.

त्या आठव्या दिवशी खुणेचं वाक्य झालं. ती आली नाही. विणकराचं काम करणारा समोर उभा होता, त्यानं ते पुन्हा म्हटलं.

"भूतराव, झोपलात का काय? च्या आणू?"

सगळे हसले. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा कोणी हसलं नाही. बांधावरचं कुत्रं उठून माझ्या पायांमागं आलं.

मी हाक मारली. उसातून तिचा आवाज आला, अगदी सपाट.

"दादा, गप बसू नका. मोठ्यानं बोलत राहा. मी उभी राहतेय."

मी पान अठरा मोठ्यानं वाचायला लागलो. विणकरानं आपली वाक्यं उचलली, मग बाकीच्यांनीही. गाढवाच्या कानांवरचा विनोद आम्ही दहाजण ओरडून म्हणत होतो. कुणाचा आवाज फाटला की दुसरा उचलायचा. त्या पानावर एकोणतीस वाक्यं आहेत. चोविसाव्या वाक्याला तिची पाठ दिसली. एकेक पाऊल मागं टाकत, तोंड उसाकडेच ठेवून, ती बांधावर आली. केसांत पाचट होतं.

"दोन सऱ्या पलीकडं बसला होता," ती म्हणाली. "मी जायच्या आधीपासनं."

सरांनी पिशवी उचलली आणि आम्हाला चालायला सांगितलं, पळायला नाही. रस्त्यापर्यंत मी दोनदा माणसं मोजली. अकरा.

तात्यांच्या फडात शिरायला टोळीनं चार दिवस नकार दिला. आधी वनखात्याचा पिंजरा आला, मग तोड झाली. प्रयोग कॉलेजच्या हॉलमध्ये झाला. लोक खूप हसले. बहिणीनं ते भूत पहिल्यापासून शेवटपर्यंत उभं राहून केलं, एकदाही वाकली नाही. सरांनीही टोकलं नाही.

आता ती मंचरला असते. नाटकाचा विषय निघाला की तिच्या मुलांना सांगते, "तुमच्या मामानं वाचत राहून वाचवलं मला."

वही माझ्या कपाटात आहे. ती मी तिला कधी दाखवलेली नाही.