फोटोपुरते हेडफोन

गुलाबाची फुलं बघितली की मला अलीकडे मळमळतं. खरी नव्हेत. खऱ्या फुलांसाठी मी अजून दादरच्या फुलबाजारातला चिखल तुडवत जाते आणि शेवंतीवाल्याशी हुज्जत घालून येते. मी म्हणते ती फोनमधली, शिक्षकांच्या ग्रुपवर कुणीही काहीही टाकलं की खाली रांगेने उगवतात ती. गुलाब, जोडलेले हात, अंगठा, पुन्हा गुलाब.

मी स्वतः मास्तरकी केलेली बाई. आयुष्य गिरणगावातल्या शाळांत गेलं, आणि निवृत्त झाल्यावरही पाय तिकडेच वळतात. लालबाग आणि परळच्या मधल्या एका शाळेत दर गुरुवारी चौथीच्या पोरांना गोष्टी वाचून दाखवते. पोरं मला आजीटीचर म्हणतात. त्या वर्गाची टीचर माझ्या नातीहून थोडीशीच मोठी. तिनेच एकदा मोठ्या आदराने मला त्या ग्रुपात घातलं.

ग्रुप समावेशक शिक्षणाचा. म्हणजे कुणाला नीट दिसत नाही, कुणाला ऐकू येत नाही, कुणाची अक्षरं डोळ्यांसमोर नाचतात, कुणी एका जागी टिकत नाही. अशा मुलांना बाकीच्यांबरोबर एकाच वर्गात शिकता यावं म्हणून इंटरनेटवर जे चांगलं असेल ते शोधायचं आणि एकमेकांना द्यायचं. कल्पना इतकी चांगली, की पहिल्या दिवशी मी चष्मा पुसून, फोन उशीला टेकवून, पाठ ताठ करून बसले.

आठवड्याभरात कळलं, इथे शोधत कुणीच नाही. नुसतं पुढे ढकलतात. रिवाज असा, की शनिवारी दुपारपर्यंत प्रत्येकाने एक लिंक आणि एक फोटो टाकायचा. लिंक कशाचीही चालते. फोटो मात्र वर्गातल्या ‘अशा’ मुलाचा हवा, काहीतरी शिकतानाचा आणि हसतानाचा.

मला खोड असल्यामुळे मी लिंका उघडून बघू लागले. एकीत बर्फाचा माणूस रंगवायचा होता आणि त्याच्या मफलरवर बेरजा होत्या. लालबागच्या पोरांनी बर्फ बघितलाय तो गोळेवाल्याच्या गाडीवर. दुसरी उघडली तर केस गळण्यावरचं तेल निघालं. तिच्याखालीही गुलाब होते. मी टीचरला विचारलं, अगं, हे काय? ती सहज म्हणाली, “आजी, उघडून कोण बघतंय? टाकायचं असतं फक्त.”

इथे मला एका तरुण बाईची आठवण काढावीच लागते. एके काळी ती मीच होते, इलाज नाही. काय ते ध्यान. आमच्या वेळी लिंका नव्हत्या, थर्माकोल होता. ही बाई सगळे रविवार खर्ची घालून थर्माकोलचं मानवी हृदय कापायची, त्यात लाल-निळे बल्ब बसवायची आणि शैक्षणिक साधनांच्या स्पर्धेत बक्षीस मिळवून आली की ते काचेच्या कपाटात ठेवून कुलूप घालायची. पोरं कपाटाजवळ फिरकली तरी डोळे वटारायची. तपासणीला साहेब आले की किल्ली बाहेर. हृदय लुकलुकायचं, साहेब मान डोलवायचे आणि बाईसाहेब वेणीवरचा गजरा चाचपायच्या. त्या हृदयाकडे बघून एकाही पोराला रक्त कुठून कुठे जातं ते कळलं नसणार. ही बाई आज रस्त्यात भेटली तर मी तो गजरा ओढून पळ काढेन.

असो. सांगायचंय ते चौथीतल्या एका मुलीबद्दल.

तिला फार कमी ऐकू येतं. कानामागे मशीन आहे, पण त्याच्याने आवाज येतो, शब्द सुटे होत नाहीत. शब्द ती बोलणाऱ्याच्या तोंडावरून उचलते. म्हणून खिडकीकडच्या दुसऱ्या बाकावर बसते, तिथून टीचरच्या चेहऱ्यावर उजेड पडलेला दिसतो. टीचर फळ्याकडे वळली की हिचा धडा तिथेच तुटतो. मग शेजारची मैत्रीण पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवते. बोलते थोडं जड, पण बोलते, वाचते छान. चिंचपोकळीच्या चाळीतून मैत्रिणीचा हात धरून चालत येते. आई फरसाणाच्या दुकानात पाकिटं भरते.

एका गुरुवारी मी वर्गात शिरले, तर ही मुलगी भिंतीला टेकून उभी, डोक्यावर भलेमोठे हेडफोन आणि पुढ्यात टॅब. हेडफोन थेट कानामागच्या मशीनवर चढवलेले. मशीन कुकरसारखं बारीक शिट्टी मारत होतं. साऱ्या वर्गाला ती ऐकू जात होती, हिला सोडून. टीचर फोन धरून खुणावत होती, हस, हस. आणि ती हसत होती. मोठ्यांनी सांगितलेलं ऐकायची तिला सवय.

मी जाऊन ते हेडफोन काढले. टीचर ओशाळून म्हणाली, आजी, फोटोपुरतं हो, दोन मिनिटं.

शनिवारी फोटो ग्रुपवर आला. खाली ओळ होती, ‘प्रत्येक मूल शिकू शकते.’ त्या दिवशी तर गुलाबांचा मळाच फुलला. बहिऱ्या मुलीच्या कानावर हेडफोन चढवलेत आणि एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांत एकालाही त्यात काही वावगं दिसू नये? मी फोन पालथा घातला आणि नळावर जाऊन हात धुतले. नात म्हणाली, आजी, तू त्या ग्रुपातली खाष्ट सासू आहेस. म्हटलं, कुणीतरी हवीच.

पुढच्या आठवड्यात टीचर शाळा सुटल्यावर माझ्या घरी आली. चहा तसाच निवू दिला. मग सांगितलं, की मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकेने, त्या मुलीच्या आईला शनिवारी बोलावलंय. मुलीचा दाखला काढून तिला दूर उपनगरातल्या कर्णबधिरांच्या शाळेत घाला, असं सुचवणार आहेत. कायद्याने काढता येत नाही, म्हणून समजूत घालायची. कारण काय लिहिलंय, तर एवढी साधनं वापरली तरी मुलीत प्रगती नाही.

कर्णबधिरांच्या शाळांशी माझं वैर नाही. एका चांगल्या शाळेत मी गेलेय. तिथली पोरं हातांनी इतक्या गप्पा मारतात, की आपणच मुके वाटतो. आईने ठरवलं असतं तर मी लाडू वाटले असते. पण आईने काही ठरवलंच नव्हतं. तिच्या पोरीची इयत्ता, मैत्रीण आणि रोजची वाट सुटणार होती, ती न दिलेल्या साधनांचा उपयोग झाला नाही म्हणून.

मी टीचरला म्हटलं, तू तिला दाखवलंस त्यातलं काहीही लाव, आणि आवाज बंद करून बघ.

तिने लावलं. एक माकड नाचत आलं, अक्षरं उडाली, चांदण्या फुटल्या. ती हसली. दुसरं लावलं. एक हात फळ्यावर काहीतरी लिहीत होता, चेहराच नव्हता. तिसऱ्यात चेहरा होता, पण तोंडापुढे भला थोरला माइक. मग ती हसायची थांबली. आम्ही ग्रुपवरच्या लिंका मागे मागे जात उपसत राहिलो. गटारात पडलेली अंगठी शोधावी तसं. जवळपास सगळ्यात पेटी, तबला आणि गोडगोड बाई, आणि आवाज काढून घेतला तर खाली काही नाही. ही सारी ‘सर्वांसाठी’ म्हणून पाठवलेली.

आणि मग एक सापडला. कुठल्याशा गावच्या शाळेतले गुरुजी, खिडकीकडे तोंड करून बसलेले. वनस्पतीचे भाग शिकवत होते. घाई नाही, नाचणारं माकड नाही. मूळ म्हणताना मातीसकट उपटलेलं रोप वर धरायचे, मग ते खाली ठेवून तोंड पुन्हा समोर. खाली मोठ्या ठळक अक्षरांत तेच वाक्य. आवाजाशिवाय मला सगळं कळलं. ग्रुपवर तो कुणीतरी कधीच टाकला होता. त्याच्याखाली एकही गुलाब नव्हता. फोटो नव्हता ना सोबत.

गुरुवारी टीचरने तो वर्गातल्या टीव्हीवर लावला, आवाज बंद ठेवून, सगळ्यांसाठी. बाहेर ढोलताशाचा सराव चालला होता, त्यामुळे तसंही कुणाला काही ऐकू आलं नसतं. पोरं आधी चुळबुळली, मग पुढे वाकून वाचू लागली. टीचरने प्रश्न विचारला तेव्हा खिडकीकडचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. मुलगी म्हणाली, “पान अन्न करतं.” जड, पण स्वच्छ. टीचर रुमालात नाक शिंकरत बसली.

शनिवारी मला कुणी बोलावलं नव्हतं. पण म्हातारीला ऑफिसातून उठवायला हिंमत लागते, तेव्हा मी पंख्याखालची खुर्ची धरून बसले. आई दुकानातून तशीच आली होती, केसांवर जाळीची टोपी राहून गेलेली. मोठ्या बाई गोड बोलल्या. तिकडे तिच्यासारख्याच मुली असतील, तिला बरं वाटेल, वगैरे. मग म्हणाल्या, आम्ही कुठे कमी पडलो असं नाही, आणि पुरावा म्हणून आपला फोन आईच्या हातात दिला. त्यावर तो फोटो.

आईने दोन बोटांनी तो मोठा केला.

“हे मशीनवरनं घातलंय?”

“फोटोपुरतं, ताई,” टीचर म्हणाली.

“आत काय लावलेलं?”

टीचरने मोठ्या बाईंकडे बघितलं, मग जमिनीकडे. “काही नाही. वायर जोडलेली नव्हती.”

हे मलाही माहीत नव्हतं.

आई हळूच म्हणाली, “त्या दिवशी कान लाल झालेला तिचा. मी तिलाच ओरडले, मशीन नीट घालत नाहीस म्हणून.” मग तिचं मुंबईचं बोलणं सुटलं आणि घरचं मालवणी वर आलं. “माझ्या चेडवाक कमी ऐकाक येता, पण डोळे आसत मां तिका? त्या डोळ्यांक काय दाखवलात तुमी?”

मोठ्या बाई साधनांबद्दल काहीतरी सांगू लागल्या. टीचरने त्यांना मधेच तोडलं. म्हणाली, “परवा गुरुवारी पहिल्यांदा दाखवलं, ताई. त्याआधी तिला समजेल असं मी काहीच दाखवलेलं नाही. प्रगती नाही असं जे लिहिलंय, ते खरं नाही.” मोठ्या बाईंनी तिच्याकडे असं बघितलं, की तिची पुढची बदली मला त्या नजरेतच दिसली.

आई उठली. “दाखला मी मागितला नाय, मागणार पण नाय. आणि हा फोटो काढा. सगळ्यांच्या फोनातनं.”

मोठ्या बाई म्हणाल्या, एकदा गेलेला फोटो परत आणणं आमच्या हातात नसतं.

“टाकताना बरं होतं हातात,” आई म्हणाली आणि निघाली. दुकानात पाकिटं तुंबली होती.

त्या दुपारी मी ग्रुपवर पहिल्यांदाच लिहिलं. गावच्या गुरुजींची लिंक टाकली, वर लिहिलं की आवाज बंद ठेवून बघा, आणि त्या मुलीचा फोटो सगळ्यांनी आपापल्या फोनमधून काढून टाका. आधी गुलाब आले. मग जोडलेले हात. मग एका बाईंचा निरोप आला, ‘मॅडम, व्हिडिओला आवाज नाही, कृपया पुन्हा पाठवा.’ यानंतर मी जे लिहिलं ते इथे छापण्यासारखं नाही. थोड्याच वेळात मला ग्रुपमधून काढण्यात आलं. फोटो किती जणांनी पुसला ते मला कळायचा मार्ग उरला नाही. माझा अंदाज, कुणीच नाही.

मुलगी शाळेतच आहे. टीचर लिंका आता आधी माझ्याकडे घेऊन येते, आम्ही त्या मुक्याने बघतो आणि बहुतेक सगळ्या बाद करतो. आई शाळेच्या दारात रोज मुलीचं मशीन स्वतः तपासते आणि टीचरशी एक शब्द बोलत नाही. टीचर माझ्याकडे येऊन रडते, म्हणते, आजी, तुम्ही सांगा ना त्यांना. मी सांगितलेलं नाही. आईचा राग मला बरोबर वाटतो. टीचरच्या चहात साखर मात्र एक चमचा जास्त घालते.