म्हसावदला निघालो आणि झोप लागली!

परवा मी झोपलो!

हसू नका मंडळी. तुम्ही रोजच झोपता, म्हणून तुम्हाला त्याचं काही वाटणार नाही. पण कापसाच्या जिनिंगमधली नोकरी सुटल्यापासून मी इथं शहाद्यात नुसता आढ्याकडे बघत पडलेला असतो... गल्लीतली कुत्रीसुद्धा मला राखणदार समजायला लागली होती.

उपाय म्हणाल तर सगळे झाले. तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीनं घासून झालं, जायफळ दुधात उगाळून झालं, नंदुरबारच्या डॉक्टरांचं कडूजहर मिक्श्चर झालं. येणारा जाणारा ‘भुकेला कोंडा अन् निजेला धोंडा’ ऐकवून जायचा... धोंड्याचं काय सांगता, मी नवी गादी भरून घेतली तरी डोळ्याला डोळा लागेना!

माझ्यापेक्षा जास्त हाल आमच्या हिचे. मी कूस बदलली की ती उठून बसायची, पाणी हवंय का विचारायची. जागरण माझं आणि डोळ्यांखाली काळं तिच्या.

म्हसावदला बाजाराच्या दिवशी एक वैद्य येतात, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. दिवाळीपासून तिनं धोशा लावला होता आणि मी आपला ‘बघू, बघू’ करत होतो. परवा मात्र तिनं मला विचारलंच नाही... सकाळी भाकरी बांधल्या आणि माझ्या पुतण्याला, दामूला, गाडी जुंपायला लावली.

लढाईपायी पेट्रोल मिळत नाही, सर्व्हिस मोटार बंद, तेव्हा बैलगाडीच. वैद्यबुवा दुपारपर्यंतच बसतात, म्हणून हिची घाई चाललेली. दामूची बैलजोडी नवी, सारंगखेड्याच्या जत्रेत नुकतीच घेतलेली.

गाडीत कडबा, कडब्यावर गोधडी, गोधडीवर मी, उशाशी ही! थंडीतलं कोवळं ऊन, दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस आणि खाली चाकांचा खडखडाट... जिनातल्या यंत्रांची आठवण झाली. त्यापुढचं मला काही म्हणजे काही आठवत नाही.

डोळे उघडले तर ऊन डोक्यावर आलेलं. गाडी उभी होती, पण म्हसावदच्या बाजारात नाही... कुणाच्या तरी खळ्यात! आणि पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा आमच्या बैलांच्या गळ्यात पडून, ते घरी आले म्हणून ओरडत होता, “मन्हा बैल उनात! अरे, मन्हा बैल घर उनात!”

आधी वाटलं, स्वप्नच पडलंय. मग लक्षात आलं की स्वप्न पडायला अगोदर झोप लागावी लागते... तेव्हा मी गाडीत बसल्या बसल्या टाळ्याच पिटल्या. सकाळी निघालेला माणूस दुपारपर्यंत झोपला होता हो! मान हलकी, डोळे गार, आणि पोटात अशी कडकडून भूक की काय सांगू.

तो म्हातारा म्हणजे बैलांचा जुना धनी. मुलगा पलटणीत गेला, एकट्याला शेती झेपेना, म्हणून त्यानं जोडी विकलेली. नव्या बैलांचा कासरा ढिला सोडला की ते जुन्या दावणीची वाट धरतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

म्हणूनच मी दामूवर उखडलो. एवढा जाणता शेतकरी तू, म्हसावदच्या फाट्यावर काय झोपा काढत होतास? गेला ना वैद्य हातचा! झोपा मी काढल्या होत्या, पण रागवायलासुद्धा अंगात नवा जोर आला होता.

दामूनं बिचाऱ्यानं खाली मान घातली. “मी नही झोपनू, काका. फाटावर मी कासरा वढी ऱ्हायंतू... काकूनीच मन्हा हात धरा.”

मी हिच्याकडे पाहिलं. तोंडाला पदर लावून ती हसत होती आणि डोळ्यांत पाणी होतं.

“तुम्ही घोरी ऱ्हायंतात,” ती म्हणाली. “मी दामूले सांगं, वरडू नको. बैल जथा जातीन तथा जाऊ दे.”

जुन्या वाटेकडे ओढ घेणारे बैल वळवायचे म्हणजे हाकारे आले, गचके आले, आणि माझी झोप मोडली असती... एवढाच तिचा हिशेब. ज्या वैद्यासाठी तिनं दिवाळीपासून माझं डोकं खाल्लं, तो वैद्य तिनं त्या फाट्यावर सोडून दिला. म्हाताऱ्यासमोर, दामूसमोर, मी तिचा हात धरला... या वयात!

म्हातारबाबांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. वांग्याचं भरीत, आमच्या आणि त्यांच्या मिळून भाकरी, बैलांना गूळ. पोळ्याला जोडी भेटीला आणीन, असा शब्द दामूनं दिला तेव्हा कुठं त्यांनी बैलांच्या पाठीवरचा हात काढला.

पुढच्या बाजारी आम्ही पुन्हा म्हसावदला निघणार आहोत. पोचलो तर औषध, नाही पोचलो तर झोप... माझं दोन्हीकडून भलंच!

घरी आलो त्या रात्री मात्र पहिले पाढे पंचावन्न. मी टक्क जागा. पण शेजारी ही गाढ झोपलेली... तोंड जरासं उघडं, कपाळावर एक आठी नाही. किती वर्षांनी मी तिला अशी पाहत होतो.

कूस बदलावी असं फार वाटत होतं... नाही बदलली.