सुपारीनं लाथ का मारली

"बाळूकाका गेले. सुपारीनं लाथ मारली," असा काशीदहून फोन आला, तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "शक्य नाही." समोरच्याला वाटलं, मला धक्का बसलाय. तो बसलाच होता... पण त्याच्याआधी संशय आला होता. माझा स्वभावच तसा. चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. पोटात दुखतंय म्हणणाऱ्या मुलाचं मी आधी तोंड बघते, मग पोट.

काशीदच्या किनाऱ्यावर पर्यटकांना घोड्यावरून फिरवणं हे बाळूकाकांचं आयुष्यभराचं काम. निवृत्तीनंतर मी त्यांच्याकडे घोडा शिकायला गेले, तेव्हा गावात बरंच हसं झालं. सुपारी ही त्यांची तांबडी घोडी. मी तिच्याकडे संशयाने बघत होते, ती माझ्याकडे. काका खूश! "बाई, दोघी येकसारख्या हाव. जमंल तुमचं." पण लगेच खोगिरावर बसू देतील तर ते काका कसले. आधी तिच्या डाव्या खांद्याशी नुसतं उभं राहायचं. हात लावायची घाई नाही. मागून जायचं तर बोलत, अंगावरून हात फिरवत जायचं, म्हणजे आपण कुठे आहोत ते तिला कळतं. "घोडं वाईट नसतं, बाई. भ्यालं की त्याला पळायचं असतं. पळायला जागा न्हाय, मंग लाथ."

असा माणूस घोडीच्या मागून गुपचूप गेला असेल, यावर माझा विश्वास बसेना.

तेराव्यानंतर भेटायला गेले. काकांचा पुतण्या नितेश माझा जुना विद्यार्थी. म्हणाला, "घोडी मारकी झाली, बाई. सोमवारी टेम्पो येतोय, देऊन टाकतो." कुणाला, ते सांगेना. उतारवयातल्या मारक्या घोडीला कोण कशासाठी नेतं, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. मी उठून तबेल्यात गेले. बोलत, अंगावर हात ठेवत सबंध घोडीभोवती फिरले. सुपारी हलली नाही. मग दारात नितेश आला, आणि तिचे कान मागे मानेला चिकटले, अंग थरथरायला लागलं. त्याच्या मागे भिंतीला लागून वाळूवर पळवायची चारचाकी बाईक उभी होती, नवीकोरी. पर्यटक हल्ली घोड्याआधी तीच मागतात.

मला खरंच वाटलं, यानेच काकांना काहीतरी केलंय. आज लाज वाटते, पण वाटलं. शाळेतल्या आवाजात विचारलं, "नितेश, त्या दिवशी काय झालं?"

तो खाली बघत म्हणाला, "काका खाली वाकून तिच्या पोटाचा पट्टा आवळीत व्हते. माझं गिऱ्हाईक खोळंबलेलं. मी हितंच गाडी चालू केली, बाई. तिच्या मागं. काका कितीदा बोललेले, गाडी लांब ढकलत ने, मंग चालू कर." मग म्हणाला, "ती समोर दिसली की सगळं परत दिसतं. म्हणून घालवतो तिला."

मला राग आला. फार आला. ज्याला मी मुळाक्षरं गिरवायला लावली, त्याने स्वतःची चूक मुक्या जनावराच्या माथी मारली होती. "टेम्पोवाल्याला नको म्हणून सांग. आत्ता, माझ्यासमोर," मी म्हटलं. त्याने फोन केला. माझा तरीही विश्वास नव्हता, म्हणून नंबर बघून घेतला. "आणि हे मी लिहिणार आहे," असंही सांगितलं. त्याने फोन खिशात टाकला. मग म्हणाला, "लिवा, बाई. माझ्याच्यानं तोंडानं सांगवत न्हाय."

त्याला तिच्या डाव्या खांद्याशी उभं केलं. हात मागे बांधायला लावले. तो रडत होता, ते मी बघितलं नाही असं दाखवलं. सुपारी चारही पाय रोवून ताठ उभी. मान वळवून त्याच्याकडे बघायला तयार नाही.

"आज पुरे. उद्या परत," मी म्हटलं.

काकांनी मला सलग सहा दिवस हेच सांगून घरी पाठवलं होतं.