घरच्यांच्या परवानगीनं उड्डाण

हवा बिघडली की उड्डाणं बंद, आणि उड्डाणं बंद की क्रू-रूममध्ये चहा आणि किस्से. वीस वर्षांत इतके साठलेत की काही विचारू नका! लोकांना वाटतं, आम्हा पायलट मंडळींचं करिअर बॉस ठरवतो. छे! ते घरी ठरतं. गेल्या वर्षी मी स्वतः राजीनामा दिला होता. त्याचं काय झालं ते सांगतोच, पण आधी हेलिकॉप्टरवर कसा आलो ते ऐका.

ट्रेनिंगमध्ये नंबर वरचा, फायटर मिळत होतं. दिवेआगरला आईला फोन लावला. ती वाडीत सुपाऱ्या गोळा करत होती. तिनं एकच विचारलं, "मधीच काय अडलं तं थांबता येतं कश्यात?"

"हेलिकॉप्टर हवेत उभं राहतं. मोकळी जागा दिसली की उतरतंसुद्धा."

"मंग त्येच घे!"

इन्स्ट्रक्टरनं निवडीचं कारण विचारलं. मी छाती पुढे काढून म्हणालो, "ऑपरेशनल इंटरेस्ट, सर!"

*

मुरुडचा इक्बाल आमच्यातला सगळ्यात हुशार. त्याची टेस्ट पायलटच्या कोर्ससाठी निवड झाली. त्याचे अब्बा मासेमार. त्यांनी विचारलं, "नवी होडी पयल्यांदा पाण्यात घालताना आत कोण बसतो?"

"जो बांधतो तो."

"मग विमान बांधणाऱ्याला आधी बसव. तो परत आला की तू जा!"

इक्बालनं नकार कळवला. बॉस खवळले. हा शांतपणे म्हणाला, "सर, मी तयार आहे. डिझायनरला विचारा!"

*

माझे सासरे उरणचे. त्यांचे ट्रेलर न्हावा शेव्याला चालतात. मुलगी बघायला गेलो तेव्हा मी समुद्रातून माणसं कशी उचलतो ते रंगवून सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे शेवटी डायवरच ना? मंग आमचा टेलर चालव. रोज संध्याकाळला घरा जेवाला!"

लग्न झालं, पण दर दिवाळीला ते माझ्यासमोर ट्रेलरची चावी ठेवतात. अंदमानचं पोस्टिंग आलं, त्या दिवाळीला मी ती जरा जास्तच वेळ हातात धरली होती.

*

आता राजीनामा. मुलगी सावनी दहावीत गेली, तोवर तिच्या सात शाळा झाल्या होत्या. ती म्हणाली, "बाबा, बोर्डाच्या वर्षी तरी घरी राहा ना." बायको पंधरा वर्षं तेच म्हणत होती. इकडे स्क्वाड्रनची कमांड मिळणार होती. तरी अर्ज दिला. देताना डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू? निर्णय येईपर्यंत दोन महिन्यांची रजा टाकून दिवेआगर गाठलं. बायको आणि सावनी तिथंच आईजवळ राहत होत्या.

पहिल्याच दिवशी गॅसजवळ चेकलिस्ट चिकटवली. मी वाचायचं, "सिलिंडर?" आईनं म्हणायचं, "चालू." भात मऊ झाला की चौकशी! सकाळी सहाला अंगणात सगळ्यांना ब्रीफिंग. सावनीच्या गणिताच्या चाचणीनंतर डीब्रीफ, "चूक पायलटची की यंत्राची?"

बाराव्या दिवशी बायकोनं समोर कोरा कागद ठेवला. "लिही, अर्ज मागे घेत आहे."

मी मनातून नाचतच लिहायला लागलो. कारणापाशी पेन अडलं. सावनीकडे पाहिलं, तिनं गणिताचं पुस्तक तोंडासमोर धरलं.

बायकोनं पेन काढून घेतलं आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'कौटुंबिक अडचण'.

गॅसपाशी उभी आई ओरडली, "अर्जंट म्हणून लिव गो!"