प्रयागबाईच्या खुब्यावरचा बिबा

भिवापूरच्या मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे जिथं वाळली मिरची पसरून बाया देठं खुडतात तिथं, प्रयागबाईएवढा जलद हात कोणाचाच नव्हता. सकाळी उकिडवी बसली की ढीग संपल्याबिगर उठायची नाही. शेजारची इंदूबाई विचारायची, "प्रयागे, तुह्या पायाले मुंग्या कशा येत नाई वं?"

"येतात. मिरचीचा ठसका लागला की पळतात."

बहात्तर साली ती बैलबंडीवरून उतरताना पडली. उठली, लुगडं झटकलं, कामाला लागली. जांघेत कळ तेवढी राहिली. वर्षभरात अशी वेळ आली की भिंत धरूनही खाली बसता येईना.

तिचा नवरा रुपराव गावाला बिबा द्यायचा. बिब्याला सुई टोचून दिव्यावर धरायचा आणि तेल सुटलं की दुखऱ्या जागी ठिपका द्यायचा. माणूस असो की बैल, औषध एकच. पण बायकोचं दुखणं त्याच्याही हाताबाहेर गेलं, तेव्हा त्यानं तिला नागपूरला नेलं.

डॉक्टरांनी फोटो काढला. म्हणाले, "बाई, खुब्याच्या सांध्यात हाडावर गादी असते. ती फाटून झिजली. आता हाडावर हाड घासतं." वाटा दोनच होत्या. सांधा कायमचा जाम करायचा, म्हणजे दुखणं जाईल, पण पाय खुब्यातून वाकणार नाही. नाहीतर हाडाचं डोकं घासून गुळगुळीत करायचं आणि वर धातूची वाटी बसवायची. हे दुसरं काम मुंबईचे एक सर्जन करत, ते वर्षातून एकदा येत.

"वाटीनं उकिडवं बसता येईन का जी?" प्रयागबाईनं दुखण्याचं विचारलंच नाही.

"खात्री देत नाही. पण जमू शकतं."

"मंग वाटीच बसवा. जाम खुबा घेऊन का मी दारात गुढीवानी उभी राहू?"

चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीतला बुधवार ठरला. मंगळवारी भरती व्हायचं होतं. रविवारपासून रुपरावाला एकच घोर, छोट्या रेल्वेची ती उंच पायरी.

"कशी चढशीन वं?"

"तुमी उचला."

"मंग मलेच भरती करा लागीन." तो बिबा घेऊन आला. "थांब, गाडीपुरतं दुखणं दाबून टाकतो."

तिनं लुगडं सरकवलं. आमच्या गावात कोणीही सरकवलं असतं. तो नेहमी एक ठिपका द्यायचा, त्या दिवशी पाच दिले. मोठं दुखणं आहे म्हणून.

बुधवारी सकाळी नर्स कापायची जागा साफ करायला आली आणि हातातलं तसंच ठेवून सर्जनला बोलवायला पळाली. बिबा उतला होता. खुबाभर फोड, कातडी लाल, दोन ठिकाणी पाणी वाहत होतं.

"हे काय आहे?" सर्जननं विचारलं.

"बिबा दिला जी," रुपराव म्हणाला. "गाडीत चढाले तरास होऊ नये म्हनून."

"या कातडीतून कापलं तर पू थेट हाडात जाईल. वाटीही जाईल, पायही."

"मंग दुसऱ्या बाजूनं कापा न जी."

सर्जन रागावले नाहीत. रागावले असते तर रुपरावाला बरं वाटलं असतं. ते "पुढच्या वर्षी बघू" म्हणाले आणि दुसऱ्या खाटेकडे गेले.

प्रयागबाई छताकडं पाहत पडली होती. "काहून हो," ती म्हणाली, "एक ठिपका पुरला नसता?"

फोड महिन्याभरात सुकले. पुढच्या वर्षी सर्जन आलेच नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी आले, तोवर वाटी बसवण्याजोगं हाडाचं डोकंच उरलं नव्हतं. मग नागपूरच्याच डॉक्टरांनी सांधा जाम केला. दुखणं खरंच गेलं.

आता ती सातऱ्यावर उपड्या डब्यावर, पाय काठीसारखा पुढं करून टेकते. हात अजून तसाच जलद, पण ढिगापर्यंत पोचत नाही. म्हणून रुपराव खाली उकिडवा बसतो आणि टोपलं भरून तिच्या मांडीवर ठेवतो. बिबा मागायला कोणी आलं तर तो नाही म्हणून मान हलवतो. ती मात्र वरून म्हणते, "द्या न त्याले. तुमचा बिबा काही फुकट जात नाई."

रुपराव रिकामं टोपलं घेतो आणि पुन्हा भरतो.