माथ्यावरची सोनकी

चिखल्याच्या नर्सरीत कामाला असणाऱ्या मावशींचं नाव मी कधी विचारलं नाही. पिशव्यांत माती भरताना त्या रोपांना दटावत, "मरू नको हां, गिऱ्हाईक येल." गिऱ्हाइकाकडे मात्र ढुंकूनही बघत नसत.

त्यांचं गाव कासा गावाच्या पलीकडे, डोंगराखाली. त्या डोंगराच्या माथ्यावर पावसाळा सरता सरता पिवळी सोनकी फुलते. तिचं बी आणून मावशी दर वर्षी पिशव्यांत लावत, शेणखत घालत, सावलीला ठेवत. रोपं नुसती पानांनी माजत, फूल काही धरत नसत.

"लाडानं बिघडलीय," मी एकदा म्हणालो.

"परकं वाटत असंल तिला इथं," त्या म्हणाल्या.

भरावाच्या मुरमासाठी तो डोंगर खणायला घेतला होता. डंपर दिसला की मावशी ड्रायव्हरला विचारत, "कुठवर आलं?" मग मला सांगत, "पायथ्यालाच हाय अजून. माथा शाबूत हाय."

उन्हाळ्यात त्याच डोंगराचा मुरूम नर्सरीच्या फाटकाशी पडला. तो पायथ्याचाच असल्याचं ड्रायव्हरने सांगितलं. गणपतीत गेलो, तर त्या ढिगावर, कुणी न लावता, सोनकी फुललेली. मी आनंदाने ओरडलो, "मावशी, फुलली की तुमची सोनकी!"

त्या आल्या. वाकून एका फुलावरचा चिखल त्यांनी अंगठ्याने पुसला. मग हातातली झारी खाली ठेवली.

"ही माथ्याच्या मातीबिगर कुठं फुलत नाय," त्या म्हणाल्या. "म्हंजे माथाबी आणला."