नवरदेवाची गाडी वळेना

चहा आधी संपवा, मग ऐका. घोट तोंडात असताना ऐकलंत तर समोरच्याचा शर्ट जाईल, आणि या प्रकरणात मी आधीच इतक्या जणांची माफी मागितली आहे की आता नव्याने कोणाची मागायची ताकद नाही.

पेट्रोल एकदम महाग झालं होतं ना, त्या सुमाराची गोष्ट. माझे सासरे धरमपेठेत राहायचे. त्यांची एक जुनी काळी गाडी होती. धाकट्या मेव्हणीचं लग्न ठरलं आणि नवरदेवाला वऱ्हाड उतरायच्या जानवशाहून मंडपात याच गाडीतून आणायचं, हेही ठरलं. पण गाडीचे टायर झिजून पार गुळगुळीत झाले होते, आणि नवे टायर तेव्हा मागितले की मिळाले असं नव्हतं.

मी थोरला जावई. थोरल्या जावयाला सगळ्यातलं सगळं कळतं असा सासुरवाडीत एक समज असतो, आणि तो थोरल्या जावयाचाच असतो. मी सरकारी कचेरीत कारकून. चाकाशी माझा संबंध सायकलपुरता. तरी छाती काढून म्हणालो, "मामाजी, टायरचं माझ्याकडे लागलं."

"नक्की नं, जावईबापू? गोरज मुहूर्त आहे. गाडी रस्त्यात अडली अन् मुहूर्त टळला, तर पाहुण्यांसमोर आमचं नाक कापल्या जाईन."

"तुम्ही निश्चिंत राहा," मी म्हणालो. निश्चिंत राहिले बिचारे. तीच त्यांची चूक.

कामठीला एका भंगारवाल्याकडे मिलिटरीच्या लिलावातली चाकं होती, टायरसकट. त्याने विचारलं, "गाडीले साइज कोणता लागते, साहेब?"

"साइज मी ठरवतो," मी म्हणालो.

माझा हिशोब साधा होता. चाक जितकं मोठं, तितका एका फेऱ्यात रस्ता जास्त. म्हणजे इंजिनाला कष्ट कमी, म्हणजे पेट्रोलची बचत. मग गाडी बनवणारेच मोठी चाकं का लावत नाहीत? कारण त्यांना अक्कल नाही. हे मी मोठ्याने बोललो आणि भंगारवाल्याने जोरजोरात मान हलवली. का नाही हलवणार? ती चाकं त्याच्या अंगणात केव्हाची पडून होती.

"एक नंबर बोलले, साहेब. हे लावा अन् गाडी नाल्यातून काढा."

नाल्यातून कशाला काढायची होती, ते मीही विचारलं नाही. चाकाची भोकं गाडीला जुळेनात, तर ती लेथवर जाऊन जुळवून आणली. आता तुम्ही म्हणाल, भोकंच जुळत नाहीत म्हटल्यावर शहाण्या माणसाला शंका यायला हवी. अहो, पण शहाणा माणूस तिथे होता कुठे?

गाडी चार बोटं उंच झाली. सासरे लांबून पाहत म्हणाले, "हे जरा टाचा उचलल्यावानी दिसून राहिली जी."

"रुबाब आहे तो," मी म्हणालो. मग एकट्याने चक्कर मारून आलो. डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, झकास वळली. माझं वजन तेव्हा किल्ल्यांसकट पन्नास किलो. आत कोणी बसलंय याची गाडीला कल्पना तरी आली असेल का, कोण जाणे.

लग्नाच्या संध्याकाळी मी ऐटीत जानवशापाशी गाडी लावली. मंडप त्याच रस्त्याने सरळ पुढे जाऊन डावीकडच्या गल्लीत. मागच्या सीटवर नवरदेव, त्याची आई, आत्या, मावशी आणि बहीण. पुढे माझ्या बाजूला त्याचे दोन काका, दोघेही पहिलवानी अंगाचे. गाडी खाली बसली. मला वाटलं, नम्र झाली.

बँड पुढे, गाडी मध्ये, वरात मागे. वाटेत मी काकांना चाकांचं शास्त्र समजावत होतो. काका माना डोलावत होते. गल्ली आली. बँड वाजत गाजत डावीकडे वळला. मी स्टेअरिंग फिरवलं.

खर्र.

टायर वर जाऊन पत्र्याला घासला आणि तिथेच अडकला. माझ्या लक्षात आलं. पण आत्ताच ज्यांना शास्त्र सांगितलं त्या काकांना काय सांगणार, की चाकं चुकली? मी स्टेअरिंग सरळ केलं आणि गाडी सरळ पुढे नेली.

"काहून जी? मंडप तर मागे राहिला," काका म्हणाले.

"पुढून वळू."

वरात नवरदेवाच्या मागे. नवरदेव चालला म्हणून तीही निघाली सरळ. बँडवाले एकटेच वाजवत मंडपात शिरले. आता मंडपातल्यांनी काय समजावं? नवरदेव गल्लीच्या तोंडावरून पुढे गेला, आणि गाडी कोण चालवतंय? थोरला जावई. माझ्या लग्नात मला मिळालेलं घड्याळ पहिल्याच दिवाळीला बंद पडलं होतं, आणि नव्या जावयाला भारी सूट शिवला, हे मी चारचौघांत बोललोही होतो.

मंडपभर एकच कुजबुज. थोरले जावई रुसले, नवरदेव घेऊन चालले.

सासरे कोणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून आले. हातात शेला आणि नारळ. मी गाडी थांबवली. त्यांनी खिडकीतून हात जोडले. "जावईबापू, काही चुकलं असन आमचं तर पोटात घाला. पण मुहूर्त टळू देऊ नका."

माझ्यापुढे दोनच रस्ते होते. मूर्ख ठरायचं की रुसलेला ठरायचं? तुम्ही काय केलं असतंत? रुसण्यात निदान मान असतो. मी मान खाली घालून शेला-नारळ घेतला.

गाडी रिव्हर्समध्ये सरळ मागे घेतली. अख्खी वरात उलट्या पावलांनी मागे आली. गल्लीच्या तोंडाशी पुन्हा स्टेअरिंग फिरवलं, पुन्हा खर्र, पुन्हा मी थांबलो.

"आता काहून?" सासऱ्यांचा आवाज रडवेला झाला. "अजून काय पाहिजे ते सांगून टाका एकदाचं."

वजन कमी झाल्याशिवाय गाडी वळणार नव्हती. मी समोर बघत म्हणालो, "सगळ्यांनी उतरून चालत यावं. नवरदेवानेसुद्धा."

काका दात खात उतरले. "असा जावई नाही पाहिला बाप्पा," असं आत्याबाई मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाल्या. नवरदेव मात्र सोशिक. बाशिंग सावरत मुकाट्याने खाली उतरला आणि चालू लागला.

गाडी हलकी झाली आणि गल्लीत अलगद वळली.

मंडपाच्या दारात ओवाळायला अमरावतीच्या एक आजीबाई ताटकळत उभ्या होत्या. नजर अधू, आणि मला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. मुहूर्त टळत आलेला, गाडी दारात लागलेली, गाडीत एकच पुरुष, खांद्यावर शेला, मांडीवर नारळ. त्यांनी खिडकीतून माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि मला ओवाळायला सुरुवात केली. मागून नवरदेव धापा टाकत येतच होता.

मी नाही नाही म्हणायला तोंड उघडलं, तर आजीबाईंच्या मागे माझी बायको उभी. तिने माझ्याकडे पाहिलं, त्या चाकांकडे पाहिलं आणि म्हणाली, "घ्या, ओवाळून घ्या. दुसऱ्यांदा तुमाले पोरगी द्यायले आता कोणी फसत नाही."